सभागृहात वाचलेलं पत्र

४ फेब्रुवारी
खासदार निवास, खोली ३१

ताई,

झाली बाई शपथ. तू रेडिओ लावून बसली असशील, पण माझा नंबर येईपर्यंत बातम्या उरकल्या असतील. पोटनिवडणुकीतून आलेल्यांना सगळ्यात शेवटी बोलावतात. जागाही तशीच मिळालीय, शेवटच्या रांगेत, खांबाआड. सभापतींना मी दिसत नाही आणि मला सभापती दिसत नाहीत. संसार बरा चालेल आमचा.

बाकांवरच्या गाद्या इतक्या मऊ आहेत की जेवणानंतर निम्मं सभागृह पेंगत असतं. प्रत्येकासमोर माइक. बोलायला तीन मिनिटं, मग लाल दिवा विझतो आणि माइक आपोआप बंद. एकोणीस वर्षं माइकवर काढलेल्या बाईला हा अपमानच.

सगळे एकच विचारतात, "कुठल्या पक्षाच्या?" कुठल्याच नाही म्हटलं की, "मग आलात कशा?" आता तोंडपाठ झालंय : बसस्थानकावर गाड्या सांगायचे. एक दिवस साहेबांनी कागद दिला, उद्यापासून वस्तीच्या सात गाड्या बंद, हे जाहीर करा. मी माइकवर म्हटलं, ज्यांनी गाड्या बंद केल्या ते आत पंख्याखाली बसलेत, त्यांना बाहेर बोलवा आणि त्यांच्याच तोंडून ऐका. नोकरी गेली. चार महिन्यांनी आमचे खासदार वारले आणि लोकांनी मला उभं केलं. एवढीच माझी राजकीय कारकीर्द. ऐकून सगळे हसतात. "आवाजावर निवडून आलेली बाई" म्हणतात. घरी तुम्ही मला भोंगा म्हणता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

शेजारी एक म्हातारे खासदार बसतात, पूर्वी गणिताचे मास्तर होते. ही त्यांची चौथी खेप. म्हणाले, "पहिलं वर्ष नुसतं ऐकायचं." मी म्हटलं, मास्तर, माझी मुदतच सव्वा वर्षाची आहे.

दाजींनी गल्लीच्या तोंडाशी माझा फलक लावलाय म्हणे, 'आमच्या खासदार' आणि खाली स्वतःचं नाव, माझ्याहून मोठ्या अक्षरात. सांग त्यांना, काढा म्हणावं. नाहीतर राहू दे. हौस आहे माणसाची.

तुझी,
भोंगा


२७ फेब्रुवारी

भोंग्या,

हे दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं येईल.

मंगळवारी दिवसपाळीत ह्यांचा हात कटिंग मशीनमध्ये गेला. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. जिवाला धोका नाही, घाबरू नकोस.

मशीनच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते, ती खाली आल्याशिवाय पातं पाडायचं नाही, असा नियम. पण प्रत्येक गठ्ठ्याला जाळी वर-खाली करायची म्हणजे माल कमी निघतो. मुकादम म्हणाले, जाळी काढून ठेवा आणि हात चालवा. ह्यांनी काढली. वरच्या माणसाने सांगितल्यावर करायचं काय.

दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "बोटं आणलीत का?" कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. एक जण तसाच पळत कारखान्यात गेला, रुमालात घेऊन आला. पण वेळ गेली होती.

काल सकाळी ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, कधी लावली नव्हती. मी खालचं बटण लावेपर्यंत हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी म्हटलं, वळा जरा, कॉलर नीट करते. वळले नाहीत.

हे तुला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. ह्यांना खपणार नाही.

ताई


१२ मार्च

ताई,

आधीच पाया पडते, मग सांगते. तुझं पत्र मी सभागृहात वाचलं.

ठरवून नव्हे गं. कारखान्यांच्या खात्यावर चर्चा होती. मास्तरांना खोकला झाला आणि त्यांनी आपली तीन मिनिटं मला दिली. मी आकडे लिहून नेले होते. उभी राहिले, तर समोर कुणी पेंगतंय, कुणी वर्तमानपत्र वाचतंय. पर्समध्ये तुझं पत्र होतं. कधी काढलं तेही कळलं नाही. मुकादमाचं वाचलं, जाळीचं वाचलं. "बोटं आणलीत का?" वाचलं तेव्हा एकाने वर्तमानपत्र खाली ठेवलं. बटणांचं वाचलं तेव्हा तर पंख्याचा आवाज ऐकू येत होता. लाल दिवा विझलाच नाही. सभापतींनी विझू दिला नाही म्हणे, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मंत्री स्वतः उठले. म्हणाले, उद्याच चौकशी लावतो, जबाबदार माणसाला सोडणार नाही. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. बाहेर आले तर फोटोवाले. एका बाईने माझा हात धरून रडून घेतलं.

दाजींचं नाव घेतलं नाही. कारखान्याचं मात्र घ्यावं लागलं, नाहीतर चौकशी कशाची लावणार? न विचारता वाचलं, चुकलंच. पण ताई, तिथे पहिल्यांदाच वाटलं की आपण इथे कशाला आलोय ते कळलं. तुझ्या अक्षराने झालं हे सगळं.

दाजींना म्हणावं, आता तुमच्या बोटांचा हिशेब होईल.

भोंगा


२५ मार्च

भोंग्या,

पत्र मिळालं. त्याआधी वर्तमानपत्र मिळालं, सगळ्या गल्लीलाच. वाण्याने मला पाहून स्वतःच्या शर्टाचं बटण लावून दाखवलं. चेष्टा नव्हती, कळवळाच होता. पण मी सामान न घेता परत आले.

चौकशीवाले आले होते. मुकादमांना पोलीस घेऊन गेले. ह्यांना कारखान्याने फाटकावर बसायचं काम दिलंय.

जे झालं ते झालं. आता पुरे कर. आणि माझी पत्रं वाचून झाली की फाडून टाकत जा.

ताई


९ एप्रिल

ताई,

रागावलीस ना? चार ओळींच्या पत्रावरून कळतं मला. लहानपणीही रागावलीस की तू अशीच मोजून बोलायचीस. तू मनातलं लिहिलंस आणि मी ते चव्हाट्यावर नेलं. तुझा राग डोक्यावर घेते.

पण जरा ऐक. मंत्र्यांनी विधेयक आणलंय. कुठल्याही कारखान्यात जाळीशिवाय मशीन फिरलं की ते जागेवर सील. सगळे त्याला 'बोटांचं विधेयक' म्हणतात. रोज पत्रांची गोणी येते मला. कुणाचा हात गेलाय, कुणाचा डोळा. मास्तर म्हणतात, चार खेपांत त्यांना जितकी पत्रं आली नाहीत तितकी मला महिन्यात आली.

जूनमध्ये मतदान आहे. मंत्र्यांच्या मनात आहे की त्या दिवशी दाजींनी प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसावं. मी त्यांच्याकडे बोट दाखवीन, ते नुसते उभे राहतील. येण्याजाण्याची सोय सरकार करेल. तूही ये. तुला इथली बाग दाखवायचीय.

दाजींना विचार आणि लगेच कळव. आणि तो मुकादम अजून आतच आहे ना? सुटला तर मला सांग.

भोंगा


२ मे

भोंग्या,

तीन पत्रं लिहून चुलीत घातली. हे चौथं. हेही घालीन म्हणून आधी पाकिटावर पत्ता लिहिलाय, तिकीट लावलंय.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. सज्जात उभं राहायचं आलं तसे हे उठून न्हाणीत गेले आणि कडी लावून घेतली. तासभर आले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "लिही तिला खरं." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर म्हणाले, "माझ्याने लिहवत नाही आता." मग हसले. ते हसणं मला आयुष्यभर पुरेल.

मुकादमांनी जाळी काढायला सांगितली नव्हती. ह्यांनी आपल्या मनाने काढली.

तू निवडून आल्यापासून हे रोज संध्याकाळी चौकात बसायचे. लोक अर्ज घेऊन यायचे, कुणाला बदली हवी, कुणाला नळ. हे अर्ज घडी करून खिशात घालायचे आणि म्हणायचे, "बघतो." तुला एकही अर्ज आला नसेल. सगळे कपाटात आहेत. मला ठाऊक होतं. मी काही बोलले नाही, कारण मलाही बाजारात लोक आधी वाट देत होते, आणि ते मला बरं वाटत होतं.

त्या मंगळवारी ह्यांना लवकर सुटून चौकात जायचं होतं. म्हणून जाळी काढली. मुकादम आले, म्हणाले, "जाळी लाव." ह्यांनी ऐकलं नाही. ते फिरून परत आले, पुन्हा म्हणाले. तेव्हा हे सगळ्या विभागासमोर म्हणाले, "माझी मेहुणी संसदेत बसते. मला शिकवू नका. एक फोन केला तर उद्या तुम्ही दुसऱ्या गावाला असाल." लोक हसले. मुकादम मान खाली घालून निघून गेले. पाव तासात हात गेला.

आणि रुमालात बोटं आणायला पळत गेले होते ना, ते मुकादमच. पायात वहाण नव्हती. 'एक जण' म्हणून मी तुला लिहिलं.

तुला खोटं का लिहिलं? तुला कळू नये म्हणून, की तुझं नाव घेऊन हे झालं. आणि ह्यांची लाज राखायची म्हणून. मला वाटलं, दोन बहिणींतलं पत्र आहे, मुकादमांना त्याने काय होणार? मग तू वाचलंस. चौकशीवाल्यांनी ह्यांना विचारलं तेव्हा हे सभागृहात वाचलं तेच म्हणाले. बाकीच्या कामगारांनीही तेच सांगितलं. तुझ्याविरुद्ध कोण बोलणार? मालकाला तर बरंच झालं, सगळं एका माणसावर गेलं.

मुकादम नऊ दिवस कोठडीत होते. नोकरी गेली, कारखान्याची खोली गेली. आता टायरच्या दुकानावर माडीला राहतात, खटला उभा आहे. परवा त्यांची बायको बाजारात समोर आली. मी बाजूला झाले. ती थांबली आणि मला म्हणाली, "तुमच्या बहिणीचं वाचन फार छान झालं. आम्ही दोघांनी मिळून रेडिओवर ऐकलं." एवढंच.

आता तू काय करायचं ते कर. मी काय सांगू? माझं सांगायचं तोंड राहिलेलं नाही.

ताई


११ जून

भोंग्या,

सहा आठवडे झाले. उत्तर नाही. मला वाटलं पत्र गहाळ झालं. झालं असतं तर बरं, असंही वाटलं.

काल संध्याकाळी रेडिओवर तुझी मुलाखत होती. तू पुन्हा ते सगळं सांगितलंस, मुकादम, जाळी, बटणं. बटणांपाशी थांबलीससुद्धा, गाडी सुटायच्या आधी थांबायचीस तशी. तुझा आवाज मी ओळखते. पत्र तुला मिळालंय.

मी खोटं लिहिलं ते घाबरून. तू आता जाणूनबुजून बोलतेयस. मी मोठी आहे, पण तुला बोलायचा मला अधिकार नाही. तरी बोलले.

हे फाटकावरचं काम सोडून घरी बसलेत.

ताई


१८ जून

ताई,

पत्र मिळालं होतं. ७ मे, सकाळच्या टपालाने. वाचलं आणि टेबलाच्या खणात, खणाच्या तळाशी जो कागद अंथरलेला असतो ना, त्याच्याखाली सरकवलं. कुणापासून लपवत होते? खोलीत मी एकटीच असते.

खरं सांगते. मी त्याच दिवशी मंत्र्यांकडे जायला निघाले होते. कपडे बदलले, पर्स घेतली. जिन्यात फोटोवाला भेटला, म्हणाला, "बाई, एक फोटो, पत्रांच्या गोणीबरोबर." मी गोणीशेजारी उभी राहिले. हसले. मग वर परत आले आणि ठरवलं की विधेयक होऊन जाऊ दे. कायदा चांगला आहे, खऱ्या हजारोंचे हात वाचतील, एका माणसाची नोकरी आपण मागाहून बघू. 'बघू' म्हटलं मी. दाजींच्या 'बघतो'सारखं.

मास्तरांना अर्धवट विचारलं, समजा एखादी गोष्ट खोटी निघाली तर? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "कुणाची?" मी म्हटलं, "असंच, कुणाची तरी." म्हणाले, "असंच असेल तर झोप लागेल. लागते का?"

रेडिओवर थांबले ते खरं आहे. तिथे थांबलं की लोक रडतात, हे मला माहीत झालंय. ताई, मी थांबले तेव्हा मनातल्या मनात तीन आकडे मोजले. कारण चौथ्याला उशीर होतो. माझ्याबद्दल यापेक्षा वाईट मला काही सांगता येणार नाही.

विधेयकावरचं मतदान पुढे ढकललंय, आता २ जुलैला आहे. मला त्याआधी उभं राहून सांगायचंय. सगळं सांगितलं तर दाजी जगासमोर येतील, तू येशील, माझं नाव घेऊन काय झालं तेही येईल. दाजींवर खोट्या साक्षीचा खटलाही होऊ शकतो, वकिलांना विचारलं मी. मागच्या वेळी मी न विचारता वाचलं. यावेळी विचारते. तुम्ही दोघं नको म्हणालात तर मी एवढंच म्हणेन की मी चौकशी न करता खोटं बोलले, आणि पुढचं माझ्यावर घेईन. पण मुकादम त्याने पूर्ण सुटतील असं वाटत नाही.

लवकर कळव.

भोंगा


२३ जून

भोंग्या,

पत्र ह्यांच्या हातात दिलं. वाचून दाखवलं नाही. त्यांनी दोनदा वाचलं.

मग टेबलाशी बसले. डाव्या हाताने पेन धरलं. मी मदत करायला गेले तर म्हणाले, "तू जा, भाजी बघ." अर्ध्या तासाने कागद दिला. सोबत पाठवतेय. मी त्यात काही दुरुस्त केलेलं नाही.

माझंही सांग. मी लिहिलं होतं हे सांग. भोळी होते म्हणून सोडू नकोस मला.

ताई

(सोबत, वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत)

सगळं सांग. मुकादम दोनदा म्हणाले. मी तुझं नाव घेतलं. खटला होऊ दे.


९ जुलै

ताई,

वर्तमानपत्रात आलं ते निम्मं खोटं आहे. मी रडले नाही आणि चक्कर येऊनही पडले नाही. काय झालं ते सांगते.

सभागृहाला काही वैयक्तिक खुलासा करायचा असेल तर आधी सभापतींना चिठ्ठी द्यावी लागते. मी दिली. त्यांनी विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "मी इथे खोटं वाचलं, त्याबद्दल." त्यांनी चिठ्ठी घडी करून ठेवली. म्हणाले, "बाई, सतरा वर्षांत ही पहिली."

माझं नाव पुकारलं तेव्हा सगळे कौतुकाने वळले, पुन्हा काहीतरी हृदयद्रावक ऐकायला मिळणार म्हणून. मी म्हटलं, १२ मार्चला मी वाचलेल्या पत्रातली मुख्य गोष्ट खरी नाही. मुकादमांनी जाळी काढायला सांगितली नव्हती, लावायला सांगितली होती, दोनदा. माझ्या बहिणीच्या नवऱ्याने माझ्या नावाची धमकी देऊन त्यांना गप्प केलं. माझ्या बहिणीने मला खोटं लिहिलं. मी ते तिला न विचारता आणि खात्री न करता इथे वाचलं. आणि ७ मेपासून मला सगळं ठाऊक आहे. आज जुलै आहे.

मग गलका सुरू झाला. कुणी ओरडलं, "नाटक!" कुणी म्हणालं, "कारखानदारांनी विकत घेतली!" मंत्री माझ्याकडे बघतही नव्हते, कागद गोळा करत होते. लाल दिवा विझला, माइक बंद झाला. मुकादमांवरचा खटला मागे घ्या, एवढं राहिलं होतं. ते मी माइकशिवाय सांगितलं. दारापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण पहारेकरी आत डोकावला.

बसले तेव्हा मास्तरांनी आपला पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

विधेयक त्याच दुपारी 'फेरविचारासाठी' परत गेलं. मास्तर म्हणाले, आता ते या जन्मी येत नाही. मी राजीनामा दिला. पाच महिने झाले मला इथे, एवढीच माझी खासदारकी. खटला मागे घेतायत असं सरकारी वकिलांनी सांगितलंय, आणि दाजींना जबाब द्यायला बोलावतील म्हणाले. सोबत वकिलांचा पत्ता आहे, एकटे पाठवू नकोस.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. काल एक पत्र आलं. एका पिठाच्या गिरणीत काम करणारी बाई आहे, डावा हात कोपरापासून गेलेला. तिने एप्रिलमध्येही लिहिलं होतं, मी तिला सही केलेला फोटो पाठवला होता. लिहिते, "बाई, तुमचं खोटं होतं, आमचं खरं होतं. तुम्ही तुमचं खरं केलंत आणि मोकळ्या झालात. आता आमचं कोण खरं मानणार? आमचा मालक कालपासून म्हणतोय, बघा, सगळी अशीच रडगाणी असतात."

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. ताई, नाही वाटत.

खोली पंधरा तारखेपर्यंत सोडायचीय. मी थेट घरी येत नाही. आधी त्या बाईकडे जाते. तिने बोलावलेलं नाही. दारातून हाकललं तर परत फिरेन. नाही हाकललं तर तिचं सगळं ऐकीन आणि मशीन स्वतः जाऊन पाहीन. पुढे त्याचं काय करायचं ते तिला विचारून.

मुकादमांकडे मी जायला हवं. पण मी गेले तर मागे चार फोटोवाले येतील. तू सांग, काय करू.

भोंगा


२८ जुलै

भोंग्या,

मुकादमांकडे आम्ही जाऊन आलो. तुझी वाट पाहिली नाही. चूक आधी आमच्या घरात झाली.

हे म्हणाले, मी एकटा जातो. मी म्हटलं, पत्र मी लिहिलंय. दुपारी गेलो, रस्त्यावर सगळे बघत होते. बघू दे. टायरच्या दुकानाशेजारून लोखंडी जिना आहे, अरुंद, एकामागे एक चढावं लागतं. हे पुढे होते. वर जाऊन दारासमोर नुसते उभे राहिले. नेहमीच्या सवयीने उजवा हात कडीकडे गेला आणि तसाच थांबला. मग मी मागून हात घालून कडी वाजवली.

मुकादमांच्या बायकोने उघडलं. आम्हाला पाहून म्हणाली, "काय आहे?" ह्यांनी म्हटलं, "माफी मागायला आलोय." ती म्हणाली, "ती संसदेत मागून झाली ना." तेवढ्यात आतून मुकादम म्हणाले, "येऊ दे त्यांना." ती बाजूला झाली, पण बसा म्हणाली नाही. आम्हीही बसलो नाही.

मुकादम खाटेवर बसून कसलीशी मोटार दुरुस्त करत होते. वाळलेत फार. हे बोलले. माझ्याने नीट ऐकवलं नाही, कारण हे चौकात बोलायचे तसं नव्हतं, शब्द सापडत नव्हते. जाळीचं सांगितलं, धमकीचं सांगितलं, चौकशीत खोटं बोललो ते सांगितलं. सोमवारी जबाब देऊन आलोय हेही सांगितलं. मग मी माझं सांगितलं.

मुकादमांनी पाना खाली ठेवला. म्हणाले, "मी दोनदा म्हणालो, जाळी लाव. तिसऱ्यांदा म्हणालो नाही. मशीनचा मेन स्विच माझ्या मागेच होता, चार पावलांवर. बंद करता आला असता. पण तू बाईंचं नाव घेतलंस आणि मी विचार केला, आपल्याला काय करायचंय, जाईल त्याचा हात जाईल." मग म्हणाले, "आणि गेला. कोठडीत नऊ दिवस मला वाटत होतं की मला बरोबरच पकडलंय, फक्त कारण चुकीचं आहे. हे मी हिलासुद्धा सांगितलं नव्हतं."

त्यांची बायको दारातच उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. भोंग्या, तुझी लाज मोठी की ह्यांची की माझी, असा मी इतके दिवस हिशेब घालत होते. त्या खोलीत चौघांनाही वर बघवत नव्हतं.

कारखान्याने त्यांना परत बोलावलेलं नाही. मालक म्हणतो, प्रकरण निवू दे. ह्यांनी विचारलं, मी मालकाकडे येऊ का तुमच्याबरोबर? मुकादम म्हणाले, "नको. तुझ्या तोंडून काही मागायचं नाही मला आता." बरोबरच आहे.

आम्ही निघालो. त्यांची बायको म्हणाली, "पुन्हा येऊ नका." मी मान हलवली. जिना उतरलो, शेवटच्या पायरीवर होतो, तेव्हा ती वरून म्हणाली, "ठणका आहे का अजून त्यांच्या हाताला?"

मी वर बघून म्हटलं, "आहे. झोपताना फार."

ती आत गेली. पण आम्ही रस्त्याला लागेपर्यंत दार उघडंच होतं.

ताई